मानेपासून अंगठ्यापर्यंत

बेकरीत तिला सगळे क्रीमताई म्हणत. तिचं खरं नाव विचारलं असतं, तर भट्टीवरच्या काकांनाही ते चटकन आठवलं नसतं. केकवर फुलं काढावीत तर तिनेच. एका हाताने फिरती चकती हळूहळू फिरवत आणि दुसऱ्या हाताने क्रीमचा कोन दाबत ती पाकळीवर पाकळी बसवत जायची, तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं काचेला नाक लावून बघत राहायची. अक्षरही असं सुबक, की केक कापणाऱ्याने आधी नावाच्या बाजूने सुरी फिरवावी, नावाला धक्का लावायला त्याचा हात धजू नये.

तिचं दुखणं नेमकं कधी सुरू झालं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ते काही दार वाजवून आलं नव्हतं. आधी नुसता थकवा. मग अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. त्या झटकल्या की जायच्या आणि वळलं की परत यायच्या. मग दंडापासून कोपरापर्यंत आतून जाळ. आणि पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, जिथे आपलाच हात पोचत नाही अशा जागी, कुणीतरी बोट रुतवून उभं असल्यासारखं वाटायचं. ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत असंच ती समजत होती. एकाच घरात तीन भाडेकरू राहावेत आणि एकाची दुसऱ्याशी ओळख नसावी, तसं.

ती घरी मात्र याबद्दल ब्र काढत नव्हती. नवऱ्याला सांगावं, तर तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत पळून रात्री जेवता जेवता पेंगायचा. मुलगी खारू सहावीत. तिला सांगितलं असतं तर तिने वर्गभर केलं असतं. आणि राहिल्या सासूबाई. त्यांच्यापाशी रडगाणं गाण्यापेक्षा क्रीमताईने दोन्ही हात बांधून केक सजवला असता.

सासूबाई वाईट नव्हत्या. टोचून बोलायच्या नाहीत, कुणाच्या कामात लुडबुड नाही, घरखर्चाला हातभार लावायच्या. पण त्यांच्यात आणि सुनेत एक पडदा होता, आणि तो कधी पडला हे क्रीमताईला पक्कं माहीत होतं. खारूला दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस. क्रीमताईने दारातच दुपट्यात गुंडाळलेली पोर पुढे केली आणि म्हणाली, "घ्या ना आई, तुमची नात." सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "राहू दे," म्हणाल्या, "पाळण्यात ठेव." नंतरही त्यांनी पोरीला कधी कडेवर घेतलं नाही. शेजारी बसून खेळवायच्या, गाणी म्हणायच्या, पण उचलायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून उठायच्या. नातू हवा असेल, असं कुणीतरी म्हणालं. क्रीमताईने ते मनावर घेतलं नाही, पण मनातून काढूनही टाकलं नाही.

अशा सासूबाईंनीच एके सकाळी वर्तमानपत्राआडून विचारलं, "हाताला काय झालंय?"

"कुठे काय?"

"आजही चहा डाव्या हाताने ढवळलास."

क्रीमताई चमकली. सासूबाईंचा चेहरा वर्तमानपत्राच्या मागे होता. "तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं नाही, ऐकू आलं. उजव्या हाताने ढवळतेस तेव्हा घड्याळाचा पट्टा कपाला लागतो. चार दिवस झाले, लागत नाहीये."

सासूबाईंनी उभी नोकरी एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली होती. 'हॅलो' एवढ्या एका शब्दावरून समोरचा माणूस घाईत आहे, रागात आहे की नुकताच झोपेतून उठलाय, हे त्या ओळखायच्या. त्यांच्यापासून काही लपवायचं तर श्वासही जपून घ्यावा लागे.

मग घरात दुखण्याचा बोभाटा झाला, आणि ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. नवरा म्हणाला, गादी मऊ पडलीय, आणि रविवारी गादीखाली प्लायवूडची फळी सरकवून मोकळा झाला. त्यामुळे त्याचीच कंबर धरली. शेजारीण म्हणाली, बेकरीतल्या त्या फ्रिजच्या गारठ्याने झालंय. भट्टीकाका म्हणाले, "अगं, भट्टीसमोर येऊन उभी राहा, दुखणं वितळून जाईल!" खारूने शाळेत शिकलेलं ज्ञान पाजळलं की हातात सत्तावीस हाडं असतात, तेव्हा आईचं कुठलं दुखतंय ते नंबराने सांग.

शेवटी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भला माणूस. मुंग्या अंगठ्याला येतात म्हटल्यावर त्यांनी मनगट दाबून पाहिलं, पट्टा दिला, गोळ्या दिल्या, मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला, रक्त तपासलं. क्रीमताईने पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या. खांद्याच्या फऱ्याबद्दल तिने सांगितलंच नाही. मनगटाच्या डॉक्टरला पाठीचं कशाला सांगायचं, असं तिला वाटलं. महिन्याने डॉक्टर हसत म्हणाले, "सगळे रिपोर्ट नॉर्मल. काळजीचं काही कारण नाही."

"बरं झालं!" नवरा जिन्यात म्हणाला. "काही निघालं नाही. सुटलो."

क्रीमताई मधल्या पायरीवर थांबली. "काही निघालं नाही म्हणजे मग दुखतंय ते काय आहे?"

"अगं, मी चांगल्या अर्थाने..."

"मला माहितीय तुम्ही चांगल्या अर्थाने म्हणताय. पण मला रडूच यायला लागलंय. काहीतरी निघायला हवं होतं हो. निदान मी खोटं बोलत नाही, एवढं तरी."

नवरा तिथेच उभा राहिला. लिफ्टच्या वायरी सोडवण्यात हयात गेलेल्या त्या माणसाला ही गाठ कशी सोडवायची ते कळेना. मग त्याने तिची पिशवी आपल्या खांद्याला घेतली आणि कठड्याच्या बाजूने तिला चालू दिलं.

दुखणं रिपोर्ट वाचत नाही. पुढच्याच आठवड्यात बेकरीत मोठा केक होता, एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा. पांढऱ्याशुभ्र क्रीमवर 'आदरणीय सरांना' एवढंच लिहायचं होतं. 'आदर' पर्यंत झकास झालं. 'णी' काढताना अंगठ्यातून वीज गेल्यासारखं झालं, कोन हातातून निसटला, आणि चॉकलेटचा एक ओघळ अख्ख्या केकभर गेला. वेलांटी पार टेबलाच्या कडेपर्यंत पोचली.

भट्टीकाका धावत आले. मालकीणबाई काउंटर सोडून आत आल्या. क्रीमताईला वाटलं, आता आपली शोभा होणार. मालकीणबाईंनी केकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती डावा हात उजव्या दंडाभोवती आवळून उभी होती आणि तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"केक दुसरा होईल," त्या म्हणाल्या. "तू घरी जा. आणि हात चांगला होईपर्यंत मला इथे दिसू नकोस."

बोलण्यात माया होती. पण 'चांगला होईपर्यंत' हे शब्द क्रीमताईच्या काळजात रुतून बसले. झालाच नाही तर?

दुसऱ्या दिवशी घरात ती आणि सासूबाई दोघीच. काम नसलेला हात मांडीवर ठेवून ती खिडकीशी बसली होती. सासूबाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या.

"नक्की कुठे दुखतं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हटलं की माणूस काही करू शकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "लोक फोन करायचे आणि म्हणायचे, 'साहेबांना द्या.' कचेरीत साहेब ढीगभर. कुठले साहेब, कुठल्या मजल्यावरचे, ते सांगितल्याशिवाय मी लाईन कुणाला जोडणार?"

"सांगता येत नाहीये हो आई. शब्द आले की दुखणं जागा बदलतं."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिच्या सरावाचं सगळं सामान घेऊन आल्या. पातळ केकची एक मोठी चौकोनी लादी फ्रिजमध्ये पडली होती, ती, आणि क्रीमचे कोन. "सांगता येत नसेल तर काढून दाखव. तुला तेच चांगलं येतं."

क्रीमताईला हसू आलं, पण तिने डाव्या हातात कोन धरला. डाव्या हाताने काढलेला माणूस बटाट्याला हातपाय फुटल्यासारखा दिसत होता.

"ही तू?" सासूबाईंनी विचारलं.

"मी. पाठमोरी."

"कुठून पाठमोरी, ते विचारत नाही. पुढे चल."

तिने रंग वाटून घेतले. जळजळ तिथे लाल. मुंग्या तिथे निळा. नुसतं मुकं, जड दुखणं असेल तिथे तपकिरी. अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर निळे ठिपके दिले. दंडाच्या बाहेरच्या कडेने लाल रेघ ओढली. फऱ्याच्या आत तपकिरी गोळा ठेवला. मग ती थबकली. मानेच्या मुळाशी, उजवीकडे, सकाळी उठल्यावर जे ताठलेलं असतं, ते ती दुखण्यात धरतच नव्हती. मान काय, सगळ्यांचीच आखडते. तरी तिने तिथे एक तपकिरी ठिपका दिला.

"वेळ कोणती?" सासूबाईंनी विचारलं. "कधी जास्त होतं?"

"काम संपता संपता. मान खाली घालून तासन् तास झाले की. आणि वर फळीवरचं काही काढायला मान मागे केली, की सण्णकन जातं."

"आणि कमी कधी होतं?"

क्रीमताईने आठवून पाहिलं. "हात डोक्यावर ठेवून पडले की. वेड्यासारखं दिसतं, म्हणून तुमच्यासमोर कधी केलं नाही."

सासूबाई लादीवर वाकल्या. मानेपासून फऱ्यावर, तिथून दंडावरून खाली, अंगठ्यापर्यंत त्यांनी हवेतच बोट फिरवलं. "ही तीन दुखणी नाहीत गं," त्या म्हणाल्या. "एकच लाईन वाटतेय मला. म्हणजे मला काही कळतं अशातला भाग नाही. पण हे कुणालातरी दाखवायला हवं. सगळं एकत्र."

तिघे भाडेकरू एकाच कुटुंबातले निघाले होते. क्रीमताई स्वतःच्या त्या बटाट्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला थोडं मोकळं वाटलं. हात तेवढाच दुखत होता, पण आता तो दोघींना दिसत होता.

"आता मला काढ," सासूबाई अचानक म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"लादी बरीच शिल्लक आहे."

तिने शेजारी आणखी एक बटाटा काढला. सासूबाईंचं नाक काढताना हात हलला. "एवढं मोठं आहे का माझं नाक?" सासूबाई म्हणाल्या, आणि कोन तिच्या हातातून स्वतःकडे घेतला. तपकिरी रंग डाव्या खांद्यावर ठेवला. मग मानेवर. मग कानामागून डोक्यापर्यंत. लाल रंग खांद्याच्या टोकावरून दंडात उतरवला. हातातले कोन बदलत त्या शांतपणे भरत गेल्या आणि त्या आकृतीची अख्खी डावी बाजू रंगाने झाकून गेली.

"हे कधीपासून, आई?"

"नोकरीत असल्यापासून. रिसीव्हर मान आणि खांद्यामध्ये दाबायचा, एका हाताने निरोप लिहायचा, दुसऱ्या हाताने बटणं. आख्खी पाळी तशी. पुढे खांदाच धरला. हात वर जाईना, आणि कधीकधी धरलेली वस्तू हातातून आपोआप सुटायची. सांगून बघितलं एकदा. डॉक्टर म्हणाले, वय झालं, फार मनाला लावून घेऊ नका. घरी सांगितलं तर तुझे सासरे म्हणाले, खुर्चीवर बसून बोलायचं काम, त्यात काय दुखणार? मग नाही सांगितलं."

"कुणालाच?"

"तो काचेचा मोठा जग आठवतो तुला? स्वयंपाकघरात फुटलेला? तू बाळंतपणाला दवाखान्यात होतीस."

"मांजराने पाडला म्हणाला होतात."

"मीच पाडला. धरला होता, आणि सुटला. काचा गोळा करताना डोक्यात एकच, आता दोन दिवसांनी पोर घरी येणार." सासूबाईंनी कोन खाली ठेवला. "तू दारात तिला माझ्यासमोर धरलीस ना, तेव्हा मला ती एवढी हवी होती की काय सांगू. पण डोळ्यांसमोर तो जग."

इतकी वर्षं तिने जे हात पाठीमागे जाताना पाहिले होते, ते तिला पहिल्यांदाच नीट दिसले. नकोशी वस्तू टाळणारे ते हात नव्हतेच. भ्यालेले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला तरी मला सांगायला किती दिवस लागले?" सासूबाई म्हणाल्या.

त्यावर दोघी आधी हसल्या, मग डोळे टिपायला दोघींनाही पदर नसल्यामुळे एकीने डोळ्यांना बाही आणि दुसरीने टेबल पुसायचं फडकं लावलं. फडक्याला क्रीम होतं. सासूबाईंच्या भुवईला निळा रंग लागला, आणि क्रीमताईने तो आपल्या हाताने पुसला. लग्नानंतर तिने सासूबाईंच्या चेहऱ्याला हात लावण्याची ही पहिलीच वेळ.

सासूबाईंनी लादीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला, ते शहाणपणाचं ठरलं. कारण खारू शाळेतून आली, दप्तर फेकलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत आजीचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाऊन मोकळी झाली.

"अगं, तेवढाच एक न दुखणारा होता!" आजी ओरडली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, फऱ्याचं आणि मानेचं ऐकलं, आणि कपाळाला हात लावला. "हे आधी का नाही सांगितलंत? आणि मीही विचारायला हवं होतं." त्यांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव दिलं. या बाई उंचपुऱ्या, दणकट आणि बोलायला मऊ होत्या. सासूबाईंनी त्यांचं नाव 'पैलवानबाई' ठेवलं, अर्थात त्यांच्या माघारी.

पैलवानबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. हसल्या नाहीत. मग क्रीमताईला स्टुलावर बसवून तिची मान हळूच उजवीकडे कलती केली आणि डोक्यावर थोडासा दाब दिला. अंगठ्यात तीच वीज!

"अहो, तुम्ही हात लावलात मानेला, आणि कळ आली अंगठ्यात!"

"दुखतं तिथेच दुखण्याचं मूळ असेल असं नाही," पैलवानबाई म्हणाल्या. "मानेतून निघणारी एक शीर थेट अंगठ्यापर्यंत जाते. मान तासन् तास वाकलेली राहिली, की कधीकधी ती शीर मुळाशी चिमटली जाते, आणि बोंब मारतो अंगठा. मनगटाचा एक्स-रे स्वच्छच येणार, मनगटाने काही केलेलंच नाही."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," क्रीमताई म्हणाली.

"कुणी म्हणालं तसं?"

"कुणी नाही. मीच."

मग सासूबाईंनीही खांदा दाखवला. त्यांच्या तपासणीला वेळ लागला. हात कुठवर जातो, कुठे अडतो, थंड-गरम कळतं का, सगळं बाईंनी पाहिलं, जुने एक्स-रे मागवले, आणखी एका तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवलं. मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "खांद्याची मूळची सूज केव्हाच गेलीय. पण दुखणं फार वर्षं राहिलं, की शरीराला दुखायची सवय लागते. थोडं ताणलं तरी ते मोठ्याने ओरडतं. तुमचं दुखणं खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. ते पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. पण दुखलं म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय, असं नसतं. हे एकदा अंगात मुरलं, की हात वापरायची भीती जाते. निम्मं दुखणं त्या भीतीपायी वाढतं."

सासूबाईंनी बराच विचार केला. "म्हणजे बोलणारे दोघं केव्हाच घरी गेले," त्या म्हणाल्या, "आणि लाईन मात्र चालूच राहिलीय."

"अगदी तसंच."

"मग ती हळूहळू काढू या. घाईने उपटली की सगळं बंद पडतं, मला माहितीय."

दुसऱ्या दिवसापासून घरात व्यायाम सुरू झाले. पुढच्या खोलीच्या भिंतीशी दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. क्रीमताई हनुवटी आत ओढून मान सरळ करायची. सासूबाई भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायच्या. दर आठवड्याला बोटं थोडी वर पोचायची. नवऱ्याला कामावर जाताना मधून वाट काढावी लागे. "ही भिंत पडतेय म्हणून धरून ठेवलीय का?" तो विचारायचा.

पण बायकोच्या टेबलाचं काम त्यानेच केलं. एका सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन बेकरीत गेला, तिला उभी करून कोपराची उंची मोजली, आणि फिरत्या चकतीखाली लोखंडी पायाचा एक उंचवटा बनवून दिला. खाली पेडल. पायाने दाबलं की चकती वर, सोडलं की खाली. आता केकच तिच्या नजरेसमोर यायचा, मान खाली घालायची गरज उरली नाही. मालकीणबाईंनी तिचं काम तुकड्यातुकड्याने वाटून दिलं. मधे मधे उठायचं, हात सोडायचा, चार पावलं चालायचं. भट्टीकाका घड्याळ बघून हाक द्यायचे, "क्रीमताई, मान!" आणि ती मान सरळ करायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा इथला काहीतरी रिवाज असेल.

फरक पडला, पण रातोरात नाही. आधी फऱ्यातलं बोट निघालं. मग दंडातला जाळ विझत विझत कोमट झाला. अंगठ्याच्या मुंग्या मात्र चिवट. त्या कमी झाल्या, पण राहिल्या. सासूबाईंचा हात डोक्यापर्यंत जायला लागला. ज्या दिवशी त्यांनी स्वतःचे केस दोन्ही हातांनी बांधले, त्या दिवशी त्या दिवसभर कारण नसताना आरशासमोरून जात होत्या. खांदा रोज दुखायचाच, फक्त आता त्या तसं सांगायच्या. "आज तपकिरी आहे," म्हणायच्या. किंवा, "आज लाल आहे, माझ्या वाटेला जाऊ नका."

मग लग्नाचा हंगाम आला. मोठमोठे केक, एकावर एक मजले, शेकडो पाकळ्या. क्रीमताईला काम परत मिळाल्याचा आनंद इतका, की ती उठणं विसरली, चालणं विसरली. भट्टीकाकांच्या हाकेला "हो हो" म्हणून मान खालीच. आठवडा संपला, आणि सोमवारी सकाळी ती डोळे उघडून पडून राहिली. मान हलेना. दंडात जाळ, अंगठ्यात वीज, फऱ्यात तेच बोट. जणू मधले सगळे महिने पुसले गेले होते.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"लाल?"

"सगळे रंग," क्रीमताई उशीत म्हणाली. "सगळं वाया गेलं, आई. परत पहिल्यापासून."

"पहिल्यापासून कसं? पहिल्यांदा तुला काय होतंय हे माहीत नव्हतं. आता माहितीय. कशाने झालं तेही माहितीय, आठवडाभर घोड्यासारखी राबलीस." त्यांनी कप टेबलावर ठेवला, तिच्या मानेखाली गुंडाळलेला टॉवेल सरकवला आणि तिचा उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला. त्यांनी दोन्ही हात वापरले होते, आणि त्यांचं त्यांनाही ते लक्षात आलं नाही. "पैलवानबाई म्हणाल्याच होत्या, असे दिवस येतील. येऊन जातील."

"बेकरीत काय सांगू? आज दोन केक जायचेत."

"काय सांगायचं म्हणजे?"

"ताप आहे म्हणते. नाहीतर पोट बिघडलं म्हणते. दुखतंय म्हटलं तर काय वाटेल त्यांना, परवापर्यंत तर चांगली होते."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मोबाइल उचलला, बेकरीचा नंबर लावला, खुर्चीत ताठ बसल्या आणि मोबाइल उजव्या हातात नीट धरून कानाला लावला. त्यांचा आवाजच बदलला. कचेरीतला तो जुना, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं करणारा आवाज.

"नमस्कार. क्रीमताईच्या घरून बोलतेय. ती आज येणार नाही... नाही, ताप नाही. पोटही ठीक आहे. तिला दुखतंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, दुखतंय. एवढंच कारण आहे." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "मानेपासून अंगठ्यापर्यंत. उद्याचं उद्या कळवते... हो, सांगते तिला. तुम्हीही मान सांभाळा, आवाजावरून तुमचीही धरलेली वाटतेय."

त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या मालकीणबाई?" क्रीमताईने विचारलं.

"फुलं साधी काढून देतील म्हणाल्या, भट्टीकाका आणि त्या मिळून. आणि तुला झोप म्हणाल्या." सासूबाई उठल्या. "फुलं कशी होतील ते मात्र विचारू नकोस."

क्रीमताईला हसू आलं, आणि हसण्याने मानेत कळ गेली. "आई गं!" ती म्हणाली.

"काय गं?" सासूबाई दारातून मागे वळल्या.

"तुम्हाला नाही. दुखण्याला म्हटलं."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. पण त्या गेल्या नाहीत. पलंगाच्या कडेला जागा करून बसल्या आणि गार होत चाललेला तिचा चहा स्वतःच पिऊन टाकला.